प्रेशर चढलं नाही

इस्त्रीच्या खोलीला पूर्वेकडे तीन खिडक्या आहेत, आणि सकाळचे ऊन त्या तिन्हींतून सारखे येत नाही. पहिलीसमोर शेजारच्या इमारतीचा लोखंडी जिना आहे. तिच्यातला उजेड पायऱ्यापायऱ्यांनी कापून ठेवल्यासारखा जमिनीवर पडतो. मधल्या खिडकीची काच कधीतरी बदलली ती किंचित हिरवी निघाली, आणि तिच्याखालच्या टेबलावर पांढरा सदराही तळ्यातून काढल्यासारखा दिसतो. त्या टेबलावर डाग तपासायचे नाहीत, असा घरातला नियमच आहे. तिसरी खिडकी मोकळी. तिच्यातून येणारे ऊन आधी छताखालच्या दांडीवर टेकते, मग टांगलेल्या कोटांच्या खांद्यांवर, मग बाह्यांवरून सावकाश उतरत टेबलावरच्या जाड कांबळ्यापर्यंत येते आणि तिथे थोडा वेळ थांबते, जणू पुढे जाण्याआधी कुणाची तरी परवानगी हवी असावी. एरवी हे कुणाला दिसत नाही. एरवी या वेळेला खोलीत वाफ असते, आणि वाफेत शिरले की उन्हाचे ऊनपण जाते. उरतो तो एक ओलसर, दिशाहीन पांढरेपणा, ज्यात माणसे एकमेकांना आवाजावरून ओळखतात. आज वाफ नव्हती. त्यामुळे ऊन आपल्या मूळ रूपात, एखाद्या लाजऱ्या पाहुण्यासारखे, खोलीभर हिंडत होते. कापडाचे बारीक तूस त्याच्यात तरंगत होते. कांबळ्यावरची जुनी भाजलेली तपकिरी वर्तुळे, टेबलाच्या पायाशी लोळणारे बटण, भिंतीवर वाफेने उमटवलेले ढगांचे नकाशे, हे सगळे उजेडात आले होते, आणि कुणीही न बघता तसेच परत सावलीत जाणार होते.

बॉयलर थंड होता. आजोबांनी तो बसवला तेव्हापासून कामाच्या दिवशी तो कधी थंड राहिला नव्हता. आजोबा गेले त्या सकाळीही बाबांनी आधी वाफ केली होती आणि मग रडायला बसले होते. काटा चढला तर दिवस आपला, नाही चढला तर दिवस गेला. या घरात हे बोलणे फक्त बॉयलरपुरते राहिलेही नव्हते. धाकटा परीक्षेत नापास झाला तेव्हा निकाल त्याच शब्दांत घरी आला होता: प्रेशर चढलं नाही. अर्धवट शिजलेला भात, मोडलेला व्यवहार, न आलेली नोकरी, सगळ्यांना तेवढे एकच वाक्य पुरत असे.

बाबांनी सवयीने डायलच्या काचेवरून अंगठा फिरवला. काटा शून्यावर झोपला होता.

"झाली का त्याची समजूत काढून?" आत्या दारातून म्हणाली. ती बाबांची थोरली बहीण. स्वतःचा संसार झाला नाही, पण लाँड्रीचा काउंटर तिने आयुष्यभर सांभाळला होता, आणि गिऱ्हाइकाशी बोलायचा स्वर तिला घरातही सोडवत नसे. "चल. पोर गाडीत बसलीय केव्हाची. वेधशाळेनं दोनदा हॉर्न वाजवला. तो माणूस हॉर्न वाजवतो म्हणजे आज नक्की काहीतरी होणार."

"तुम्ही व्हा पुढे. मी मागून येतो. कुणी गिऱ्हाईक आलं तर?"

"गिऱ्हाइकाला वाचता येतं. धाकट्यानं पाटी लावलीय 'आज बंद' म्हणून. खाली कारणही लिहीत होता, मी म्हटलं राहू दे, लोकांना चघळायला आधीच कमी नाही." मग स्वर उतरवून ती म्हणाली, "अरे, तिला एकदा तू सोबत दिसू दे."

बाबांनी खिडक्या लावल्या. ऊन काचेबाहेर राहिले नाही. ते आतच होते.

*

गाडी जावई चालवत होते. ते हवामान खात्यात होते, म्हणून लग्नाच्या आठवड्यातच आत्याने त्यांचे 'वेधशाळा' करून टाकले होते. ते बोलायचे तेही अंदाज दिल्यासारखे, दोन्ही बाजूंना थोडी जागा ठेवून. त्यांच्या शेजारी घडी बसली होती. लहानपणी तिने घातलेली सदऱ्याची घडी दोरी लावल्यासारखी सरळ यायची, म्हणून आजोबांनी थोरल्या नातीला दिलेले हे नाव. आता तिची बोटे अर्धवट मिटलेल्या अवस्थेत थांबली होती. त्यांच्यावरची कातडी इतकी ताणलेली आणि चकचकीत, की जणू हातच कुणीतरी खळ घालून इस्त्री केले असावेत. 'कडक' हा शब्द लाँड्रीत कौतुकाचा. आत्याने तो काउंटरवरून कधी बंद केला हे कुणाच्या लक्षात आले नाही.

"आज थंडी नाही," बाबा मागून म्हणाले. "हातमोजे कशाला घातलेस?"

"आत एसी असतो, बाबा."

"त्या सोड्याच्या पाण्यानं वाट लावली हातांची. मी तेव्हाच म्हणत होतो, धुण्याच्या खोलीत जाऊ नको. ऊन तापू दे जरा. सैल पडतील."

"किती उन्हाळे झाले, बाबा?" जावयांनी रस्त्यावरची नजर न काढता विचारले.

"कुठले उन्हाळे म्हणताय? तुमच्या खात्याचे? ते वेळेवर येतात कुठे."

धाकट्याला हसू आले, आणि बहिणीचे खांदे हललेले पाहून त्याला बरेही वाटले. तीस वर्षांचा हा मुलगा घरात सर्वांत कमी बोलत असे. या प्रश्नावर मात्र तो पहिल्या दिवसापासून बहिणीच्या बाजूला होता, आणि ते बोलून दाखवायची त्याला कधी गरज वाटली नव्हती.

प्रश्न असा होता. घडीचा आजार कातडीपुरता राहिला नव्हता. शरीराची स्वतःचीच राखण करणारी फौज शरीरावर उलटली होती; ती कातडी, फुप्फुसे, अन्ननलिका एकेक करून आवळत, कडक करत चालली होती. गोळ्यांनी ती थांबत नव्हती. डॉक्टरांनी सुचवलेला उपाय शेवटचा नसला तरी शेवटच्या रांगेतला होता: तिच्याच रक्तातून मूळ पेशी काढून जपून ठेवायच्या, मग जबर औषधे देऊन ती उलटलेली फौज जवळजवळ पुसून टाकायची, आणि मग त्याच पेशी तिला परत द्यायच्या, म्हणजे शरीर पुन्हा पहिल्या धड्यापासून शिकायला लागेल. अडचण एकच होती. त्या औषधांचा मार हृदयावर पडतो. त्यांच्यासोबत शिरेतून पाणीही भरमसाट द्यावे लागते, आणि त्याचे ओझेही हृदयानेच वाहायचे. आजार हृदयात गुपचूप शिरलेला असेल, तर माणूस आजाराने जाण्याआधी उपचारानेच जायचा. घडीच्या छातीत अधूनमधून एखादा ठोका वेडावाकडा पडत असे. म्हणून आजची तपासणी. ती नीट निघाली तर पुढचे दार उघडणार होते.

बाबांनी डॉक्टरांच्या साऱ्या बोलण्यातले 'उपचारानेच जायचा' एवढेच घरी आणले होते. बाकीचे बोलणे चालू असताना ते खिडकीबाहेर पाहत होते. आत्या बरेच महिने त्यांच्या बाजूने होती. मग एका सकाळी तिने घडीला ब्लाउजची हुकं लावण्यासाठी दाराआड नवऱ्याची वाट बघत उभी असलेली पाहिले, आणि ती काही न बोलता पलीकडे जाऊन बसली. तेव्हापासून बाबा एकटे होते.

*

तपासणीच्या खोलीत भयंकर गारठा होता. घडीला तो आधी बोटांत कळला, मग पांढऱ्या पडलेल्या बोटांकडे पाहून खात्री पटली. परिचारिकेने बोटाला चिमटा लावला, काढला, दुसऱ्या बोटाला लावला.

"ताई, तुमच्या बोटांवर मशीन काहीच दाखवत नाहीये हो."

"ती नाही सांगायची काही. हट्टी आहेत. कानाला लावून बघा."

"कानाला?" परिचारिकेने चिमटा कानाच्या पाळीला लावला आणि आकडा उमटलेला पाहून म्हणाली, "बघा, कान चांगले आहेत तुमचे."

"घरात आत्या आहे. ठेवावेच लागतात."

हृदयाच्या डॉक्टर मास्कमागे हसल्या. त्या ठेंगण्या, घाई नसलेल्या बाई होत्या. मानेजवळ भूल देताना, नळी सरकवताना, त्या प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगत होत्या आणि झाल्यावर झाली असे सांगत होत्या. मानेच्या शिरेतून ती बारीक नळी हृदयाच्या उजव्या कप्प्यात गेली. घडीला दुखले नाही. फक्त एका क्षणी छातीत पाखराने कूस बदलावी तसे काहीतरी झाले.

"हे बरं चाललंय," डॉक्टर म्हणाल्या. "पण आत्ता ते आरामात आहे. आरामात कुणीही शहाणं असतं. आता सलाईन भरभर सोडते, मुद्दाम ओझं टाकते. फुप्फुसाकडचं प्रेशर भसकन वर गेलं, तर समजायचं की हृदय आतून ताठ झालंय, आणि मग मी तुम्हाला त्या औषधांकडे पाठवणार नाही. कुणी कितीही सांगितलं तरी."

"आणि नाही गेलं वर तर?"

"तर आपण दोघी जेवायला मोकळ्या."

घडीने पडद्याकडे मान वळवायचा प्रयत्न केला. मान वळवायची नव्हती, म्हणून डोळे वळवले. हिरव्या रेषा डोंगर काढत होत्या आणि पुसत होत्या. पाणी शिरेतून वर चढताना थंड लागत होते. ती लहान असताना बाबा तिला बॉयलरसमोर उभे करून म्हणायचे, बघ, काटा हलला की ओरड. आयुष्यात प्रथमच ती काटा हलू नये म्हणून बघत होती. दुसरी बाटली लागली. डॉक्टरांनी आकडा वाचला, थांबल्या, पुन्हा वाचला.

"नाही चढत," त्या म्हणाल्या. "पाणी सगळं गेलं, पण प्रेशर जागच्या जागी. वा!"

घडीला हसू फुटले.

"हलू नका, नळी आत आहे अजून. काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली. डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडे ओघळत होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता. "बाहेर माझे वडील आहेत. त्यांना हे कुणीतरी नीट समजावून सांगा, एवढंच."

पण परिचारिका तोवर दाराकडे निघालीही होती. चांगली बातमी सांगायची तिला घाई होती.

*

बाहेर निळ्या खुर्च्यांची रांग होती. जावई गाडीतून शाल आणायला खाली गेले होते. धाकटा भिंतीला टेकून उभा होता, बाबा आणि आत्या शेजारी शेजारी बसले होते, आणि त्यांच्यामध्ये आत्याची पर्स एखाद्या तिसऱ्या नातेवाइकासारखी बसली होती.

दार किलकिले झाले. टोपी आणि मास्क यांच्यामध्ये फक्त दोन डोळे दिसले.

"पेशंटचे कोण?"

"आम्ही सगळेच," आत्या म्हणाली.

"पाणी देऊन झालं. प्रेशर काही चढलं नाही. बसा हं, डॉक्टर येतीलच बोलायला."

दार लागले.

 आत्याला तो कॉरिडॉर एकदम फार लांब वाटला. जमत आलेले तिचे लग्न मोडले, त्या संध्याकाळी तिच्या वडिलांनी काउंटरमागून हेच वाक्य म्हटले होते, गिऱ्हाइकाची पावती फाडता फाडता, तिच्याकडे न बघता. तेव्हा तिने पुढचा कोट उचलला होता आणि खिसे तपासले होते. आत्ता तिच्यापुढे कोट नव्हता. तिने पर्स उघडली, आत पाहिले, बंद केली.

बाबांना जे झाले ते त्यांना स्वतःलाच कळायला वेळ लागला. त्यांचे खांदे उतरले. कित्येक दिवस छातीत धरून ठेवलेला श्वास सुटला, आणि मनात, अगदी स्पष्ट, कुणी शेजारी बसून बोलावे तसे, दोन शब्द आले: बरं झालं. आता कुणी तिला नेणार नाही. आता ती घरी येईल, आपल्या खुर्चीत बसेल, आणि सगळे जसे आहे तसे राहील. ही सुटका इतकी गोड होती, की तिची लाज वाटायच्या आधी त्यांनी तिचा एक घोट घेतलाही.

"झालं," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच अनोळखी होता. "झालं तुमच्या मनासारखं."

"काय बोलतोस?"

"तुमच्या तोंडावर दिसतंय, बाबा. मी बघतोय ना."

"धाकट्या, गप्प बस," आत्या म्हणाली, पण तिने भावाच्या तोंडाकडे पाहिले. मग तिने पर्स उचलून मांडीवर घेतली आणि एक खुर्ची पलीकडे सरकली.

जावई जिन्यावरून जवळजवळ धावत आले. काखेत शाल होती. तिघांचे चेहरे पाहून त्यांचे पाय आपोआप हळू झाले.

"काय झालं?"

"नाही जमलं हो," आत्या म्हणाली. 'वेधशाळा' म्हणायचे तिला सुचले नाही. "आतून सांगून गेल्या. नाही जमलं."

जावई बसले. त्यांनी शाल मांडीवर घेतली, अर्धी केली, पुन्हा अर्धी केली. कडा जुळेनात, म्हणून उलगडली आणि पुन्हा सुरुवात केली. "मी तिला शब्द दिल्यासारखं बोललो," ते शालीला म्हणाले. "सगळं नीट होणार म्हणालो. आमच्याकडे असं कधी बोलत नाहीत. शक्यता आहे एवढंच म्हणतात. मला माहीत होतं, तरी मी बोललो."

त्यांची बोटे पुन्हा कडा शोधत होती. बाबांना ते पाहवेना.

"द्या इकडे."

त्यांनी शाल घेतली, हवेत एकदा झटकली, हनुवटीखाली मध्य धरला, आणि दोन हालचालींत तिची चौकोनी, बोलकी घडी करून जावयाच्या मांडीवर ठेवली. हात तिथेच राहिला. या माणसाच्या गुडघ्यावर आपण कधी हात ठेवू, असे त्यांना वाटले नव्हते. "तुम्ही तिच्या भल्याचंच बघत होता," ते म्हणाले. त्यांना आणखी काही बोलायचे होते, पण ज्याच्या दुःखात आपले सुख लपलेले आहे त्याच्याशी काय बोलावे हे त्यांना सुचले नाही.

हृदयाच्या डॉक्टर मास्क गळ्यात ओढत बाहेर आल्या आणि दारातच थबकल्या.

"काय हो? कुणाचं काही झालंय का?"

"नाही," जावई उठून उभे राहिले. "आम्हाला कळलं आतून. आता पुढे काय करायचं ते सांगा. दुसरं काही औषध, काहीही."

"काय कळलं?"

"प्रेशर चढलं नाही म्हणाल्या त्या बाई," आत्या म्हणाली.

"बरोबर. नाही चढलं."

"हो, तेच."

"मग?"

आत्याने बाबांकडे पाहिले, बाबांनी डॉक्टरांकडे. जावयांचा चेहरा मात्र हळूहळू बदलू लागला होता. एखाद्या आकड्याचे चिन्ह उलटे वाचले गेले हे ध्यानात यावे तसा.

"थांबा," ते म्हणाले. "बाबा, त्या नेमकं काय म्हणाल्या? शब्द सांगा."

"पाणी दिलं, प्रेशर चढलं नाही."

"अहो, चढायचं नव्हतंच ते!" जावई ओरडले. कॉरिडॉरच्या टोकाचे लोक वळून पाहू लागले. "वर जाता कामा नये! तेच तर बघायचं होतं! मी गाडीत सांगितलं, घरी सांगितलं, जेवताना वाटीत पाणी ओतून दाखवलं!"

"मी ऐकलं नव्हतं," बाबा म्हणाले.

"तुमच्याकडे काय उद्योग आहे?" डॉक्टरांनी विचारले.

"लाँड्री," धाकटा म्हणाला, आणि तोंडावर हात धरून भिंतीकडे वळला. तो हसत होता की काय करत होता, ते पाठीवरून कळेना. "आमच्याकडे बॉयलर आहे."

"अच्छा!" डॉक्टर म्हणाल्या, आणि मग त्याही हसू लागल्या. "तुमचा तापलेला बरा, आमचा न तापलेला बरा."

आत्याचे हसू सर्वांत उशिरा आले आणि सर्वांत मोठे आले. तिने भावाच्या दंडावर पर्स मारली. "मेल्या, आयुष्यभर काट्याकडे बघत बसलास आणि काट्यानंच फसवलं की रे तुला! आणि मी! मीसुद्धा मान डोलावली! वेधशाळा, तुम्ही आम्हा दोघांना कुठंतरी नेऊन सोडा."

"तसा अंदाज आहे," जावई म्हणाले. त्यांनी चष्मा काढला होता आणि नीट घडी केलेल्या शालीनेच ते डोळे पुसत होते.

डॉक्टरांनी त्यांना पुरेसा वेळ दिला. मग, हसू ओसरल्यावर, त्या खुर्चीच्या हातावर टेकल्या आणि सावकाश बोलल्या. "आता माझं सगळं ऐका. वडिलांनीसुद्धा. हृदय आज ओझ्याखाली वाकलं नाही. आधीच्या एमआरआयमध्येही मोठा व्रण नव्हता. ते वेडेवाकडे ठोके आहेत, पण फार नाहीत. म्हणून माझ्याकडून परवानगी आहे. पण हृदयाला जे औषध जड जातं, ते प्रत्यारोपणाचे डॉक्टर कमी करून देतील आणि जोडीला दुसरं वापरतील, असं आमचं आधीच ठरलंय. सगळा काळ छातीवर मॉनिटर राहील. पाणी मोजूनमापून. धोका उरतोच. कुणी उरत नाही म्हणालं तर त्याच्याकडे जाऊ नका. पण ज्याची मला भीती होती, ते आज दिसलं नाही. मी आज रात्री शांत झोपेन."

बाबांनी यातला शब्दन् शब्द ऐकला. खिडकी जवळच होती. त्यांनी तिकडे पाहिले नाही.

*

आत एका वेळी एकानेच जायचे होते. सगळ्यांनी जावयांकडे पाहिले, आणि जावयांनी शाल बाबांच्या हातात दिली. "तुम्ही जा आधी."

घडी उशीला टेकून बसली होती. मानेला पांढरी पट्टी होती. बाबांनी तिच्या अंगावर शाल घातली, कडा खोचल्या, मग खोचलेल्या कडा पुन्हा खोचल्या.

"बाहेर मोठा दंगा चालला होता," ती म्हणाली. "आत्याचा आवाज इथवर आला. मला वाटलंच, असंच काहीतरी होणार."

"मूर्खपणा झाला आमचा."

"बाबा, एक विचारू? रागावू नका." तिने त्यांच्याकडे पाहिले नाही; तेवढी सवलत तिने त्यांना दिली. "त्या बाई बोलल्या तेव्हा तुम्हाला सुटल्यासारखं वाटलं ना?"

बाबांनी शालीवरचे नसलेले तूस टिपले. "धाकट्यानं सांगितलं का?"

"कुणी नाही. मी तुमची मुलगी आहे."

"वाटलं," ते म्हणाले. शालीची कड सरळ करून पुन्हा म्हणाले, "वाटलं खरं. तू घरी येशील, असं वाटलं."

"मलाही आत क्षणभर वाटलं होतं. काटा वर गेला तर बरं, म्हणजे ठरवायचंच राहणार नाही. तेवढा एक क्षण." ती हसली. हसताना तिचे ओठ एका मर्यादेपर्यंतच गेले आणि तिथे थांबले. "मग नाही गेला तेव्हा रडू आलं. म्हणजे मला जायचंय, बाबा. आता मला माहितीय."

त्यांनी मान हलवली. ती संमती होती की नुसती हालचाल, हे त्यांनी ठरवले नाही. पण छातीत मघाची ती गोड, लाजिरवाणी सुटका कुठे सापडते का हे त्यांनी चाचपून पाहिले, आणि तिच्या जागी दुसरीच काहीतरी मोकळीक होती, जास्त रुंद, जास्त थंड, दार उघडे राहिलेल्या खोलीसारखी.

*

दुपारी तिला सोडले, तेव्हा सगळ्यांनाच एकदम भूक लागली. खालच्या उपाहारगृहात कोपऱ्यातले टेबल मिळाले. आत्या पाव आणि सूप आणवून सगळ्यांवर हुकूम सोडत होती. सकाळचा किस्सा तिने आतापर्यंत दोनदा सांगितला होता, एकदा तर शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी बाईला, आणि प्रत्येक खेपेस बाबा आणखी थोडे बावळट होत चालले होते. बाबांना त्याचे काही वाटत नव्हते. धाकटा त्यांच्या शेजारी येऊन बसला होता. "मघाशी मी बोललो ते..." तो म्हणाला, आणि बाबा म्हणाले, "सूप गार होतंय," आणि ते प्रकरण या घराच्या रीतीने मिटले.

जावई बोलत होते. आज कधी नव्हे ते त्यांना बोलायला सुचत होते. खात्यातल्या कुणा साहेबाची गंमत सांगता सांगता त्यांनी खिशातून छोटी सुरी काढली, सफरचंद सोलले आणि चिरू लागले. चकत्या कागदासारख्या पातळ पडत होत्या. ते सुरीकडे बघत नव्हते. आत्याकडे बघून हसत होते, हातवारे करत होते, आणि सुरी आपली आपण चालत होती, एकसारखी, बोटाच्या आधाराने. चकत्या घडीच्या बशीत एकेक करून सरकत होत्या.

घडीनेही बोलणे न थांबवता पर्समधून एक चमचा काढला. तान्ह्या मुलाला भरवायचा असतो तसला, निमुळता, प्लॅस्टिकचा. त्याने तिने सूप घेतले, ओठांच्या फटीतून आडवा घालून. मग सफरचंदाची एक चकती उचलली, दुमडली, आणि कोपऱ्याकडून आत सरकवली. टपालपेटीच्या फटीत पाकीट टाकावे, तसे. चावायला तिला वेळ लागला. गिळताना तिने पाण्याचा घोट घेतला, डोळे क्षणभर मिटले, आणि घास खाली गेल्याची वाट पाहिली. मग लगेच आत्याच्या कुठल्याशा विनोदावर हसली.

कुणीही वळून पाहिले नाही. धाकट्याने न सांगता पाण्याचा पेला तिच्या जवळ सरकवला. आत्याने पावाचा मऊ गाभा काढून तिच्या बशीत ठेवला आणि कडक कड स्वतः खाल्ली. सगळे जण हे रोज करत असावेत. सगळ्यांचे हात त्यात मुरलेले होते. हे टेबल कितीतरी दिवस असेच मांडले जात होते आणि बाबा त्याच टेबलावर, ताटात मान घालून, जेवत आले होते.

सकाळपासून प्रथमच बाबांना कशाची घाई नव्हती. हृदय चांगले होते. तेवढ्या एका गोष्टीच्या आधाराने त्यांनी मान वर केली आणि मुलीकडे नीट, न चुकवता, पाहिले. ओठांभोवतीच्या उभ्या सुरकुत्या पाहिल्या, ताणून बसलेले नाक पाहिले, गालांच्या खाली जिथे मांस असायला हवे होते ती जागा पाहिली, मनगटावरून घसरत कोपराकडे गेलेले घड्याळ पाहिले.

"बाबा, काय बघताय?" ती म्हणाली.

"काही नाही. खा तू. सावकाश खा."

ती आपोआप बरी होणार नव्हती.